तिसरा अंक, डिझेल कमी

लॅपटॉपवर एक खिडकी उघडते मी.
तिच्यात टेपरेकॉर्डरचं चित्र,
दोन चकत्या उगाच फिरतात, फीत कुठेच नाही.
खाली बटणं : डोल, थरथर, खरखर, ऊब.
ऊबसुद्धा बटणावर,
शून्यापासून दहापर्यंत.

वडशाच्या बाजारगल्लीत नीळकंठ गुरनुले
स्पिरिटात कापूस बुडवून टेपचं हेड पुसायचा.
चाळीस वर्षं त्याने हीच खरखर काढली,
हीच थरथर, रबरी पट्टे बदलून बदलून.
त्याला दाखवलं, तर चष्मा कपाळावर चढवला त्याने :
“म्हंजे मी जे फेकून देत होतो
थे आता इकत भेटते?”
हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

माझ्या बापाची गिटार सागवानाची.
आलापल्लीचं लाकूड आहे, सुतार म्हणे,
म्हणून अशी घुमते.
वायरमन म्हणे, लाकूड कायचं घुमते,
तारेखालच्या चुंबकाला विचार.
तांब्याचे वेढे त्याने स्वतः घातलेले,
सहा हजारांनंतर मोजणी चुकली
तरी हात थांबवला नाही.
ऑक्टोपॅडवाल्याला तिसरंच ठाऊक होतं :
स्पीकरचा कागद उंदराने कुरतडलेला,
त्यावर नाटकाच्या हँडबिलाची पट्टी चिकटवलेली,
ती वरच्या सुराला फडफडते,
तेवढीच काय ती जादू.
बाप यातलं काहीच म्हणत नसे.
धान कापून आलेली बोटं
तारेवर ठेवण्याआधी लुंगीला पुसायचा.

एक कॅसेट उरली आहे.
मंडईची रात्र, स्टेजपुढचा खड्डा,
त्यात हार्मोनियम, ऑक्टोपॅड, दुधराम नाकतोडे,
आणि त्याच्या पायाशी रेकॉर्डर,
सगळे एकाच जनरेटरवर.
तिसऱ्या अंकात गिटार हळूहळू वर सरकते,
काळी दोन सोडते,
पडदा पडेपर्यंत पांढरी चार गाठते.
लोक म्हणायचे, दुधरामच्या हाताले चढ होता.
मीही तेच सांगत आले,
ज्याला त्याला, न विचारता.

त्याच अंकात एक उंदीर बोलतो.
दोन गाण्यांच्या फटीत, चिरकं, भरभर.
स्पीकर खाणारा तोच हा, असं आमचं ठरलेलं.
आम्ही भावंडं फीत मागे घेऊन घेऊन
पोट दुखेपर्यंत हसायचो.

काल रात्री कळलं, सूर चढला नव्हता.
डिझेल संपत आलं होतं.
बल्ब पिवळे पडले असतील,
फीत दमून सावकाश चालली,
आणि सावकाश लिहिलेलं
पुढे पुऱ्या वेगात वाचलं गेलं.
तो आपल्या जागी होता.
काळी दोन. शेवटपर्यंत.

मी वेग उतरवला.
पाच टक्के, आठ, अकरा.
हार्मोनियम जमिनीवर आलं.
उंदराचा गळा रुंद झाला,
त्याला छाती आली, खोकला आला,
आणि तो कुणाला तरी सावकाश म्हणाला,
“डिझेल पाय गा.
अन् पोरगी झोपली का थे बी पाय,
माही शाल टाक तिच्यावर.”

मी त्या खड्ड्यात होते तर.
शाल मला आठवत नाही.
कुठल्या रंगाची, कुणी टाकली,
टाकली की नाही.

खिडकीतल्या चकत्या फिरताहेत.
डोल शून्य. थरथर शून्य.
जनरेटरची घरघर कापायचं एक बटण आहे,
त्यावर बोट ठेवून बसले आहे.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालूच ठेवून
कुंपणापाशी बोलत उभं आहे.